अस्थिरोग विभागातील पहिली पोस्टिंग : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

अस्थिरोग विभागात पहिल्यांदा येणारे बहुतेक विद्यार्थी एक समजूत घेऊन येतात : एक्स-रे पाहायचा, फ्रॅक्चरचे नाव सांगायचे आणि वर्गीकरण म्हणून दाखवायचे. या विभागात मी आधी विद्यार्थी, मग इंटर्न आणि नंतर निवासी डॉक्टर म्हणून काम केले आहे. त्या काळात सर्वाधिक गोंधळ याच समजुतीतून झालेला पाहिला. एक्स-रेमध्ये हाड दिसते. रक्तपुरवठा, मज्जातंतू, स्नायू आणि रुग्णाच्या वेदना त्यात दिसत नाहीत, आणि हातपाय गमावण्याची वेळ येते ती मुख्यतः या न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांचा क्रम आधी रुग्ण, मग फिल्म असा ठेवला आहे.

१. पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी

सोबत ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत : मोजपट्टी म्हणून शिंप्याकडची टेप, सांध्याच्या हालचालीचा कोन मोजणारा गोनिओमीटर, रिफ्लेक्स तपासण्यासाठी नी हॅमर, त्वचेवर खूण करण्यासाठी मार्किंग पेन, संवेदना तपासण्यासाठी कापूस व बोथट टाचणी, आणि खिशात मावेल अशी वही. टेप आणि पेन नसेल तर हिपची केस तुम्ही तपासूच शकत नाही, त्यामुळे या दोन वस्तू विसरू नका.

संपूर्ण शरीररचनाशास्त्र पुन्हा वाचण्याची गरज नाही. मात्र कोणता मज्जातंतू कोणत्या हाडाला लागून जातो, हे पक्के असावे. ह्युमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, दांड्याला लागून रेडियल नर्व्ह जाते आणि ती दुखावली की मनगट खाली लोंबते. ह्युमरसच्या सर्जिकल नेकजवळ अ‍ॅक्झिलरी, मिडियल एपिकाँडाइलच्या मागे अल्नार आणि फिब्युलाच्या मानेभोवती कॉमन पेरोनिअल नर्व्ह असते; यातली शेवटची दुखावली की पाऊल उचलता येत नाही. हिप मागच्या बाजूला निखळला तर सायॅटिक नर्व्ह तपासायची. एवढी यादी तोंडपाठ असेल, तर वॉर्डात विचारल्या जाणाऱ्या अनेक प्रश्नांची उत्तरे त्यातूनच मिळतात.

२. हकीगत घेणे

रुग्ण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. तो ‘लचक भरली’, ‘मुंग्या येतात’, ‘कंबर धरली’, ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’, ‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगतो. यातील शेवटची दोन वाक्ये बहुधा आधीच्या कोणत्या तरी दवाखान्यातून त्याला मिळालेली असतात. ती तशीच निदान म्हणून लिहून घेऊ नका. “गॅप राहू दे काका, तुम्हाला नेमका त्रास काय होतो ते सांगा,” असे विचारले की खरी हकीगत सुरू होते.

वय, व्यवसाय आणि कामाचा हात, म्हणजे उजवा की डावा, हे तीन तपशील प्रत्येक केसमध्ये हवेतच. तळहात टेकून पडल्यावर लहान मुलाच्या कोपराच्या वर, तरुणाच्या स्कॅफॉइडला (मनगटातील एक लहान हाड) आणि साठी ओलांडलेल्या बाईच्या मनगटाजवळ रेडियसला फ्रॅक्चर होण्याचा संभव अधिक असतो. पडण्याची तऱ्हा एकच असली तरी वयानुसार हाडाची दुबळी जागा बदलते. त्यामुळे “कशी पडलात, आजी?” हा प्रश्न वगळू नका, आणि “पडण्यापूर्वी चक्कर आली होती का?” हेही विचारा. आजींचे पडणे हे हृदयाच्या, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या तक्रारीचे पहिले लक्षण असू शकते.

इजा नसताना सांधा दुखत असेल, तर सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा सांधा झिजेकडे बोट दाखवतो. तासाभराहून अधिक काळ आखडून राहणारे हातांचे लहान सांधे संधिवाताकडे. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, संध्याकाळचा ताप आणि वजनातील घट यांची नोंद वेगळ्या ओळीत करा.

तीन प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला, हाडवैद्याकडे जाऊन आलात का? घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्या आणि जोरात केलेली मालिश यांमुळे होणारे नुकसान आजही दिसते. मात्र हा प्रश्न रागावून विचारला तर रुग्ण खरे सांगणार नाही. दुसरा, स्टेरॉइडच्या गोळ्या, अनोळखी पुड्या किंवा दारू बरीच वर्षे घेतली आहे का? तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, डोक्याचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका या उत्तरातून येते. तिसरा प्रश्न विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांतील रुग्णांसाठी आहे : घरात कोणाला सिकलसेल आहे का? सिकलसेलमध्ये फीमरचे डोके कोसळते, हाडात जंतुसंसर्ग होतो, आणि दोन्हींची सुरुवात साध्या दुखण्याने होते.

३. तपासणी : पाहा, स्पर्श करा, हलवा, मोजा

हा क्रम बदलू नका. विद्यार्थी घाईने थेट दुखऱ्या जागी हात लावतात, रुग्ण कळवळतो आणि पुढची सगळी तपासणी बिघडते. आधी दोन्ही हात किंवा दोन्ही पाय सारखेच उघडे करून, सारख्याच स्थितीत ठेवून पाहा. खासगीपणाची काळजी घ्या. पडदा ओढा आणि स्त्री रुग्ण असेल तर सिस्टर किंवा मावशींना सोबत बोलवा. चालता येत असेल, तर चालताना अवश्य पाहा.

नुसत्या पाहण्यातून किती कळते याचे उत्तम उदाहरण हिप आहे. पडलेल्या वृद्ध रुग्णाचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर फीमरच्या मानेचे किंवा त्याखालचे इंटरट्रोकँटरिक फ्रॅक्चर मनात यावे. मोटारीच्या अपघातात गुडघा डॅशबोर्डवर आदळलेल्या तरुणाचा पाय दुमडलेला, आत ओढलेला आणि आत वळलेला असेल, तर हिप मागच्या बाजूला निखळलेला असण्याची शक्यता मोठी असते.

स्पर्श करताना निरोगी बाजूपासून सुरुवात करा आणि दुखऱ्या जागी शेवटी या. तपासताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. ताज्या फ्रॅक्चरमध्ये हाडांची करकर जाणवते का हे मुद्दाम करून पाहू नका. त्यातून निदानात भर पडत नाही आणि रुग्णाला विनाकारण यातना होतात. हालचाली आधी रुग्णाला स्वतः करू द्या, मग तुम्ही करून पाहा. वरचा आणि खालचा सांधा तपासायचाच, कारण हिपचे दुखणे गुडघ्यात जाणवते. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या मुलाचा गुडघा पूर्ण निर्दोष आढळला, तर हिप तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका. चार ते आठ वर्षांच्या वयात पर्थीज (फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे) आणि किशोरवयात फीमरचा वरचा एपिफिसिस (हाडाचे वाढते टोक) घसरणे हे आजार अशाच तक्रारीतून पुढे येतात.

पायाची लांबी मोजताना कमरेच्या पुढच्या वरच्या काट्यापासून आतल्या घोट्यापर्यंत टेप धरतात. त्याआधी दोन्ही काटे एका रेषेत आणणे आणि निरोगी पाय दुखऱ्या पायाच्याच स्थितीत ठेवणे आवश्यक आहे. हे न करता घेतलेले माप निरर्थक असते, आणि परीक्षक नेमके हेच पाहतात.

शेवटी, आणि प्रत्येक इजेत, इजेच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा आणि मज्जातंतू तपासून वेळेसह लिहा : नाडी लागते का, नखावरचा दाब सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतते का, संवेदना आहे का, बोटे हलतात का. हीच नोंद स्लॅब (पूर्ण गोल नसलेले प्लास्टर) लावल्यावर किंवा सांधा बसवल्यावर पुन्हा करायची. आधीची नोंद नसेल, तर रेडियल नर्व्ह अपघातात दुखावली की उपचारात, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

४. आता एक्स-रे

अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या रेडियसच्या फ्रॅक्चरचे वर्णन १८१४ मध्ये केले आणि क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे आज आपण फिल्मवर पाहतो ते फ्रॅक्चर त्यांनी डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखले होते. फिल्म हाती घेण्यापूर्वी स्वतःचे निदान वहीत लिहा आणि मग ते पडताळून पाहा. ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फिल्म मागवताना दोनाचा नियम पाळा : दोन दिशांनी काढलेली चित्रे, फ्रॅक्चरच्या वरचा व खालचा असे दोन सांधे, मुलांमध्ये शंका असेल तर दोन्ही बाजू, आणि गरज पडल्यास दोन वेगवेगळ्या वेळी. वाचताना आधी रुग्णाचे नाव, तारीख आणि बाजू तपासा. मग हाड कोणते, हाडाचा कोणता भाग, रेषा आडवी की तिरकी की पिळाची, तुकडे किती, खालचा तुकडा कोणत्या दिशेला सरकला आहे आणि रेषा सांध्यात शिरली आहे का, या क्रमाने बोला. वर्गीकरणाचे नाव सर्वांत शेवटी सांगा. वर्णन बरोबर असेल तर वर्गीकरण विसरले तरी चालते; उलट मात्र चालत नाही.

काही ठिकाणी फिल्म हमखास फसवते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खोलगट भागात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष असला तरी स्कॅफॉइडचे फ्रॅक्चर धरून आधार द्यावा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढावी. फीट किंवा विजेचा धक्का यानंतर खांदा हलत नसेल, तर तो मागे निखळलेला असू शकतो. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये तो जवळजवळ नेहमीसारखा दिसतो, म्हणून अ‍ॅक्झिलरी व्ह्यू (काखेच्या दिशेने घेतलेली फिल्म) मागवावा. मुलांच्या कोपरात हाड तयार होण्याची केंद्रे वेगवेगळ्या वयात उमटतात. कॅपिटेलम, रेडियसचे डोके, मिडियल एपिकाँडाइल, ट्रॉक्लिया, ओलेक्रेनॉन आणि लॅटरल एपिकाँडाइल या क्रमाने साधारणपणे १, ३, ५, ७, ९ आणि ११ ही वर्षे लक्षात ठेवा. ती माहीत नसतील तर केंद्र फ्रॅक्चरचा तुकडा वाटते आणि तुकडा केंद्र वाटतो.

५. ज्या केसमध्ये थांबता येत नाही

कॅज्युअल्टीत वाकडा झालेला पाय सर्वांचे लक्ष वेधून घेतो. तरीही आधी श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण पाहायचे. फीमरच्या एका बंद फ्रॅक्चरमधून मांडीतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकते, आणि कटिराच्या (पेल्व्हिसच्या) फ्रॅक्चरमध्ये त्याहून अधिक. कटिराला बांधायचा पट्टा दोन्ही ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या, बाहेरच्या उंचवट्याच्या) पातळीवर येतो; तो पोटावर बांधणे ही नेहमीची चूक आहे.

उघड्या फ्रॅक्चरमध्ये प्रतिजैविक लवकर, धनुर्वाताचे इंजेक्शन, जखमेवर निर्जंतुक ओली पट्टी आणि स्प्लिंट ही कामे तातडीची. जखमेचा फोटो एकदाच काढून केसपेपरबरोबर ठेवावा, म्हणजे पाहायला येणारा प्रत्येक जण पट्टी उघडणार नाही. निखळलेला हिप शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो, कारण उशिराबरोबर फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा कायमचा तुटण्याचा धोका वाढतो.

कंपार्टमेंट सिंड्रोमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो ओळखण्याची संधी पुष्कळदा वॉर्डात सतत वावरणाऱ्या विद्यार्थ्याला आणि इंटर्नला आधी मिळते. पोटरीचे किंवा अग्रबाहूचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात बंद असतात. आत सूज वाढली, किंवा बाहेरून प्लास्टर आवळले गेले, की दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. पहिले लक्षण म्हणजे इजेच्या मानाने फार जास्त वेदना, आणि दुसरे म्हणजे बोटे हळूच सरळ करून पाहिल्यावर उसळणारी कळ. नाडी बहुतेक वेळा शेवटपर्यंत लागते. नाडी लागते म्हणून निर्धास्त होणे हा सर्वांत घातक सापळा आहे. रात्री वारंवार वेदनाशामक मागणारा टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) फ्रॅक्चरचा रुग्ण, किंवा स्लॅब लावल्यानंतर रडायचे न थांबणारे मूल, यांना ‘नाजूक’ किंवा ‘हट्टी’ म्हणू नका. सिनियरना लगेच कळवा. प्लास्टर आणि त्याखालचा कापूस त्वचेपर्यंत पूर्ण लांबीत कापला जाईल हे पाहा, हात किंवा पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा, फार उंच नको. सुधारणा झाली नाही तर फॅसिओटॉमी, म्हणजे स्नायूंचे आवरण चिरून दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया, करावी लागते. सुमारे सहा तासांनंतर स्नायूंचे नुकसान भरून न येणारे होते, आणि पुढे बोटे आकडेबाज होऊन हात निकामी होतो.

याच यादीत आणखी दोन गोष्टी आहेत. कंबरदुखीबरोबर लघवी तुंबणे आणि बसण्याच्या जागेचा बधिरपणा म्हणजे कॉडा इक्विना सिंड्रोम, आणि त्याला त्याच दिवशी एमआरआय लागतो. ताप असलेले आणि पायावर भार न टाकणारे मूल म्हणजे, उलट सिद्ध होईपर्यंत, सांध्यातील पू. तेथे सांध्यातील द्रव काढून तपासणे लांबवू नये.

६. ओपीडीत रोज दिसणारे आजार

मुलांमधील सुप्राकाँडायलर फ्रॅक्चरपासून सुरुवात करा. कोपर सुजलेला असतो, पण मागचे हाडांचे तीन उंचवटे जो त्रिकोण करतात तो टिकून राहतो. सांधा निखळला तर तो बिघडतो. अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून गोल करायला सांगा; जमले नाही तर अँटिरिअर इंटरऑशियस नर्व्ह दुखावलेली आहे. ब्रेकियल धमनीमुळे ही केस नेहमी डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

वृद्धांच्या हिप फ्रॅक्चरमध्ये दोन प्रकार वेगळे ओळखा. मानेचे फ्रॅक्चर सांध्याच्या आवरणाच्या आत असते, रक्तपुरवठा तुटका असतो आणि ते जुळण्याची शाश्वती कमी. इंटरट्रोकँटरिक बाहेर असते आणि सहसा जुळते. दोन्हींत शस्त्रक्रिया लवकर करण्यामागचा हेतू रुग्णाला अंथरुणातून उठवणे हाच असतो, कारण पडून राहिल्याने होणारा न्यूमोनिया, पाठीवरची जखम आणि शिरेतील गुठळी जीव घेऊ शकतात.

गुडघ्याच्या झिजेत एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, अन्यथा सांध्यातील जागा खोटी रुंद दिसते. रुग्णाला मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम स्वतः करून दाखवा. नुसते सांगितलेले घरी होत नाही. मधुमेही व्यक्तीचा खांदा सर्व दिशांनी आखडला असेल, विशेषतः बाहेर वळत नसेल, तर फ्रोजन शोल्डरचा विचार करा.

कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना गंभीर आजार नसतो, आणि नेमके म्हणूनच गंभीर असलेले निसटतात. पाय सरळ उचलण्याची चाचणी करा, अंगठा वर उचलण्याची ताकद पाहून एल-फाइव्ह आणि टाचेचा रिफ्लेक्स पाहून एस-वन ही मज्जातंतूंची मुळे तपासा. मग कण्यावर एकेका मणक्याला हलकेच ठोकून पाहा. एका ठरावीक मणक्यावर दुखत असेल, कुबड येऊ लागले असेल आणि संध्याकाळचा ताप असेल, तर मणक्याचा क्षयरोग मनात यायलाच हवा. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला हा आजार आपल्या वॉर्डात आजही आहे. दोन मणक्यांमधली जागा कमी होणे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे हाड खाल्ले जाणे ही त्याची खूण. पण एक्स-रेमध्ये ती उशिरा दिसते, म्हणून एमआरआय आणि शक्य तेथे ऊतीची सीबीनॅट (क्षयाचे जंतू जनुकीय पद्धतीने शोधणारी) तपासणी करतात. उपचार मुख्यतः औषधांचे आहेत, साधारणपणे १२ महिन्यांचे आणि गरजेनुसार त्याहून अधिक. रुग्णाची निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर नोंदणी झाली आहे का ते विचारा. चालताना पाय कडक पडत असतील किंवा रिफ्लेक्स वाढलेले असतील, तर त्याच दिवशी सिनियरना दाखवा.

जन्मतः वळलेल्या पावलांसाठी पॉन्सेटी पद्धत नीट पाहून घ्या. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात; बहुतेकांना पाच-सहा प्लास्टर पुरतात आणि टाच खाली आणण्यासाठी अनेकदा टाचेच्या स्नायुबंधावर (अकिलीस टेंडनवर) छोटा छेद घ्यावा लागतो. त्यानंतर ब्रेस असतो, आधी तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग सुमारे चार वर्षांच्या वयापर्यंत झोपताना. पाऊल पुन्हा वळते ते मुख्यतः ब्रेस सुटल्यामुळे. म्हणून आईवडिलांशी बोलण्यात दिलेला वेळ हा येथे उपचाराचाच भाग आहे. दुर्लक्षित किंवा कठीण पावलांसाठी मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली ‘जेस’ (जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टीम) ही बाह्य चौकट वापरतात. ती वॉर्डात दिसली तर तिचे भाग समजून घ्या.

दहा ते वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा रात्री दुखत असेल आणि सूज वाढत असेल, तर मुका मार समजून मालिश लिहून देऊ नका, एक्स-रे काढा. गाठ घातक वाटली, तर बायॉप्सी तेथेच व्हावी जेथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे वाचवता येण्याजोगा पाय कापावा लागू शकतो. म्हणून परळच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्राकडे रुग्ण न चिरता पाठवावा.

७. स्लॅब, प्लास्टर आणि थॉमस स्प्लिंट

हे काम पुस्तकातून येत नाही. प्लास्टर रूममधील अनुभवी ब्रदर आणि मामा यांच्याशेजारी उभे राहून शिका. पाणी साध्या तापमानाचे घ्या, कारण गरम पाण्याने प्लास्टर झटपट घट्ट होते आणि त्वचा भाजू शकते. हाडांच्या उंचवट्यांवर कापूस जास्त ठेवा, ओल्या प्लास्टरला बोटांनी दाबू नका, तळहाताने आकार द्या. ताज्या इजेत पूर्ण गोल प्लास्टरऐवजी स्लॅब लावतात, म्हणजे सुजेला जागा राहते. घरी जाताना रुग्णाला लेखी सूचना द्या : हात-पाय उंच ठेवणे, बोटे हलवत राहणे, आणि वेदना वाढल्या, बोटे निळी पडली किंवा बधिर झाली तर रात्र असली तरी परत येणे.

थॉमस स्प्लिंट म्हणजे मांडीच्या फ्रॅक्चरला आधार देणारी, वर कडी असलेली लांब चौकट. तिचे माप घेताना कडीसाठी जांघेजवळच्या मांडीच्या घेरात ५ सें.मी. आणि लांबीसाठी जांघेपासून टाचेपर्यंतच्या अंतरात १५ सें.मी. मिळवतात. माप निरोगी पायाचे घ्यावे, कारण सुजलेल्या पायावर टेप ओढणे रुग्णाला सोसत नाही. कडी निवडताना मात्र सुजेचा विचार करावा.

८. कागदपत्रे

विद्यार्थी म्हणून तुम्ही सही करत नाही, पण कोणता कागद कशासाठी लागतो हे आत्ताच समजून घ्या. अपघात, मारहाण किंवा संशयास्पद इजा असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची) नोंद झाली आहे का ते पाहा. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर बाजू ‘उजवी’ किंवा ‘डावी’ अशी पूर्ण शब्दांत हवी आणि रुग्णाला समजणाऱ्या भाषेत ती वाचून दाखवलेली असावी. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधारकार्ड आणि पूर्वपरवानगीसाठी एक्स-रे लागतात. नातेवाईक हे कागद गावी विसरून येतात आणि शस्त्रक्रिया लांबते. दाखल होतानाच आठवण करून दिली, तर रुग्णाचे अंथरुणातले दिवस खरोखर कमी होतात.

९. केस मांडणे

राउंडमध्ये निदान एका पूर्ण वाक्यात सांगा : वय, बाजू, हाड आणि जागा, बंद की उघडे, किती दिवसांचे, मज्जातंतू व रक्तपुरवठा कसा आहे, आणि इतर इजा कोणत्या. उदाहरणार्थ, “३५ वर्षांचे शेतकरी, कामाचा हात उजवा, उजव्या ह्युमरसच्या दांड्याच्या मधल्या भागाचे बंद फ्रॅक्चर, दोन दिवसांचे, रेडियल नर्व्ह पाल्सीसह, रक्तपुरवठा ठीक, इतर इजा नाही.” एवढे वाक्य न अडखळता आले की पुढचे प्रश्न उपचारांवर जातात आणि चर्चा उपयोगी होते. चाचणी तुम्ही केली नसेल, तर “केली नाही” असे सरळ सांगा आणि तेथेच करून पाहा. अंदाजाने ‘नॉर्मल’ म्हणू नका, कारण त्या शब्दावर पुढचा डॉक्टर विसंबतो. केस मांडून झाली की त्याच दिवशी लॉगबुकवर सही घ्या. युनिट बदलल्यानंतर ज्यांनी तुमची केस ऐकली ते शिक्षक त्या ओपीडीत सापडतीलच असे नाही.